घरच्या घरी अंडी उबवणं: मशिन तपासण्यापासून पिल्लू कोरडं होईपर्यंत

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. या दिवसांत माणसाच्या वाट्याला मोजकीच कामं येतात: ऊब एकसारखी ठेवणं, ओलावा बेताचा ठेवणं, अंडी फिरवणं आणि हवा खेळती ठेवणं. तरीही घरच्या उबवणीच्या मशिनमधली बरीच अंडी पहिल्या खेपेला न फुटता तशीच राहतात. कारण शोधायला गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवत होता आणि तो कुणी तपासलाच नव्हता. म्हणून अंडी गोळा करायच्या आधी साधनांकडे बघू.

थर्मामीटर आणि हायग्रोमीटरची परीक्षा

मशिनच्या पडद्यावर ३७.५ दिसतं म्हणून आत ३७.५ असतंच असं नाही. साधे सेन्सर एखाद-दीड अंश चुकणं नेहमीचं आहे, आणि या कामात एक अंश म्हणजे फार झाला. तीन आठवडे सतत एक अंश कमी मिळाला तर पिल्लं दिवसभर उशिरा आणि अशक्त निघतात. एक अंश जास्त मिळाला तर घाईनं निघतात, बेंबी नीट मिटलेली नसते आणि आतल्या आत मरणाऱ्या पिल्लांची संख्या वाढते.

तपासायला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर चांगला. तो शरीराच्या तापमानाच्या आसपास नेमका आकडा दाखवण्यासाठीच बनवलेला असतो. थर्मासमध्ये ३८ अंशांच्या जवळपासचं कोमट पाणी घ्या. मशिनचा सेन्सर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात सोडा, शेजारीच तापाचा थर्मामीटर धरा आणि दोन-तीन मिनिटं पाणी चमच्यानं ढवळत राहा. मग दोन्ही आकडे लिहून घ्या. तापाचा थर्मामीटर सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो, त्यामुळे पुन्हा मोजण्याआधी तो बंद करून सुरू करावा लागतो. दोन-तीनदा मोजून जो फरक येईल तो कागदावर लिहा आणि कागद मशिनवरच चिकटवा. बर्फाच्या पाण्यात शून्य अंशावर तपासायची पद्धतही आहे, पण शून्यावर बरोबर असलेला सेन्सर ३८ वर बरोबर असेलच अशी खात्री नसते. ज्या तापमानाला काम करायचं तिथेच परीक्षा घ्यावी.

ओलावा मोजणाऱ्या हायग्रोमीटरची परीक्षा मिठानं होते. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या आणि ते ओल्या वाळूसारखं दिसेल इतकंच पाणी थेंबाथेंबानं घाला. मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका पारदर्शक पिशवीत ठेवून पिशवी घट्ट बंद करा आणि घरात सावलीत दहा-बारा तास राहू द्या. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्के असते. तुमचं यंत्र ७० दाखवत असेल तर ते पाच टक्के कमी दाखवतं, एवढं लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचायचे.

मशिन कसं असावं

विकतचं असो वा घरी बनवलेलं, पंखा आहे की नाही हा पहिला प्रश्न. पंखा असेल तर आतली उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि तापमान ३७.५ अंश सेल्सियस ठेवायचं. पंखा नसेल तर गरम हवा वर साठते आणि तळाशी थंडावा राहतो. अशा मशिनमध्ये अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर मोजून ३८.३ ते ३८.९ अंश ठेवावं लागतं, म्हणजे अंड्याच्या मध्याला योग्य ऊब मिळते. बिनपंख्याच्या मशिनमध्ये सेन्सर चार बोटं वरखाली झाला तरी आकडा बदलतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी पंखा असलेलंच मशिन घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरी बनवायचं असेल तर दोन डझन अंड्यांसाठी साधारण ४० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच, जाड भिंतीची थर्माकोलची पेटी पुरते. उष्णतेसाठी २५ वॉटचे दोन तारेचे बल्ब समांतर जोडा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. एलईडी बल्बची ऊब इथे पुरत नाही. बल्ब थर्माकोलपासून किमान १० सेंमी दूर हवा आणि त्याच्याभोवती भोकं पाडलेला पत्र्याचा डबा बसवावा. त्यानं अंड्यांवर थेट झळ येत नाही आणि पिल्लंही भाजत नाहीत. हवा फिरवायला संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा. तो बल्ब बंद असतानाही चालू राहिला पाहिजे, पण त्याचा झोत थेट अंड्यांवर नको.

थर्मोस्टॅट डिजिटल आणि ०.१ अंशापर्यंत दाखवणारा घ्या. डब्ल्यू-१२०९ हा छोटा थर्मोस्टॅट अनेक जण वापरतात. त्यात एक मेख आहे. बल्ब बंद होण्याचं आणि पुन्हा लागण्याचं तापमान यांत किती अंतर ठेवायचं हे त्यातलं पी-१ हे सेटिंग ठरवतं, आणि ते मुळात २ अंशांवर असतं. तसंच ठेवलं तर ऊब दोन अंशांनी वरखाली होत राहते. ते ०.२ किंवा ०.३ करून घ्या. थर्मासच्या परीक्षेत सापडलेला फरक पी-४ मध्ये भरता येतो. घरच्या विजेची वायर त्याच्या रिलेतून, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या भागातून, जाते, त्यामुळे जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी आणि फ्यूज बसवावा. पाण्याचं भांडं आणि वीज एकाच पेटीत आहेत हे विसरू नये.

हवेसाठी खालच्या बाजूला दोन आणि वरच्या बाजूला तीन-चार भोकं, प्रत्येक साधारण १२ मिमीचं, ठेवा. अंड्यांखाली जाळी आणि जाळीखाली पाण्याचं पसरट भांडं. बाहेरून भांड्यात पाणी सोडता येईल अशी एक बारीक नळी आत्ताच बसवून टाका, शेवटच्या तीन दिवसांत तिची खरी गरज पडते. झाकणात काचेची खिडकी हवीच. ती नसली तर माणूस सारखा झाकण उघडतो.

मशिन उन्हात, खिडकीजवळ किंवा पंख्याखाली ठेवू नका. खोलीचं तापमान २० ते २५ अंशांच्या दरम्यान असेल तर थर्मोस्टॅटवर ताण येत नाही. अंडी ठेवण्याआधी रिकामं मशिन पाण्यासकट पूर्ण एक दिवस चालवून बघा. आत पाण्यानं भरलेल्या दोन छोट्या बाटल्या ठेवल्या तर ऊब आणखी स्थिर राहते.

अंडी कोणती घ्यावीत

कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. नवीन कोंबडा सोडल्यावर निदान एक आठवडा थांबून मग उबवणीची अंडी गोळा करावीत. कोंबडा काढून टाकला तरी पुढचे दहा-बारा दिवस फलित अंडी मिळू शकतात, कारण कोंबडीच्या शरीरात वीर्य तेवढे दिवस साठून राहतं.

मध्यम आकाराचं, नीट अंडाकृती, एकसारख्या कवचाचं अंडं निवडा. फार मोठी, अगदी गोल, लांबट, सुरकुतलेली आणि बारीक तडा गेलेली अंडी बाजूला काढा. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण अंधारात मागून टॉर्च धरली की लगेच उठून दिसतो. पिल्लाचं वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतं, म्हणून नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची बारीक अंडी टाळलेली बरी.

अंडी धुऊ नका. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो आणि तो जंतूंना छिद्रांतून आत जाऊ देत नाही. गार पाण्यानं धुतलं तर आणखी वाईट, कारण आतला भाग थंड होऊन आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. वाळलेली थोडी घाण कोरड्या, खरखरीत कापडानं हलकेच काढा. जास्त माखलेलं अंडं उबवणीला घेऊच नका. एक कुजलेलं अंडं मशिनमध्ये फुटलं तर शेजारची चांगली अंडीही त्या घाणीनं माखतात.

साठवण १३ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली ठेवून, जास्तीत जास्त सात दिवस. फ्रिजचं ४ अंश तापमान यासाठी फार थंड असतं. उलट खोली २१ अंशांहून गरम असेल तर आतला गर्भ हळूहळू वाढू लागतो आणि अर्धवट वाढून मरतो. सात दिवसांहून जास्त ठेवावी लागली तर रोज एकदा अंड्यांच्या ट्रेची एक बाजू उचलून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. दहा दिवसांनंतर मात्र प्रत्येक दिवसागणिक निघणाऱ्या पिल्लांचं प्रमाण घसरत जातं. लांबून प्रवास करून आलेली अंडी निमुळतं टोक खाली ठेवून एक दिवस विसाव्याला ठेवा, म्हणजे रुंद टोकातली हादरलेली हवेची पोकळी जागेवर बसते.

अंडी मशिनमध्ये ठेवताना

साठवलेली थंड अंडी थेट गरम मशिनमध्ये टाकली तर त्यांना घाम सुटतो आणि त्या ओलीतून जंतू आत शिरतात. सहा ते बारा तास खोलीच्या तापमानाला ठेवून मगच आत घाला. त्याआधी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं अनुक्रमांक आणि ग्रॅममधलं वजन लिहा. आडवी ठेवून हातानं फिरवणार असाल तर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. पेनाची किंवा मार्करची शाई वापरू नका.

अंडी आत गेल्यावर आकडा खाली येतो. अशा वेळी हात थर्मोस्टॅटकडे जातो, पण तो तिथे लावू नका. अंडी तापायला काही तास लागतात. घाईघाईनं वाढवलेलं तापमान रात्री सगळे झोपल्यावर ३९-४० वर जातं. ऊब उतरण्यापेक्षा ऊब चढणं गर्भाला कितीतरी जास्त घातक असतं.

दिवसांच्या मोजणीत पुष्कळ जण चुकतात. शनिवारी संध्याकाळी अंडी ठेवली तर पहिला दिवस रविवारी संध्याकाळी पूर्ण होतो. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून ज्या वारी ठेवली त्याच वारी पिल्लं अपेक्षित. या उदाहरणात १८ दिवस बुधवारी संध्याकाळी भरतात.

फिरवणं

बलक पांढऱ्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे गर्भ वर तरंगत येतो. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर तो आतल्या पापुद्र्याला चिकटतो. शिवाय गर्भाभोवती पसरणारं रक्तवाहिन्यांचं जाळं फिरवण्यामुळेच नीट वाढतं. पहिला आठवडा सगळ्यात नाजूक. त्या आठवड्यात झालेली हयगय पुढे भरून निघत नाही.

हातानं फिरवायचं तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम संख्येमुळे रात्रीचा लांब वेळ एका दिवशी फुलीवर आणि दुसऱ्या दिवशी गोलावर जातो. अंडं एकाच दिशेनं गोलगोल फिरवत नेऊ नका, अर्धा फेरा पुढे आणि पुढच्या वेळी अर्धा फेरा मागे. स्वयंचलित ट्रे असेल तर तो तासा-दोन तासांनी ४५ अंशांत इकडून तिकडे कलतो. त्यात अंडी रुंद टोक वर ठेवून लावायची. हे टोक उलटं झालं तर पिल्लाचं डोकं हवेच्या पोकळीपासून दूर राहतं आणि बहुतेक वेळा ते पिल्लू बाहेर येत नाही. अंड्यांना हात लावण्याआधी आणि नंतर स्वतःचे हात साबणानं धुवा.

ओलावा: आकड्यापेक्षा वजन खरं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पहिल्या १८ दिवसांत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते चूक नाही. पण हा आकडा केवळ साधन आहे. कवचाच्या छिद्रांतून अंड्यातलं पाणी ठरावीक वेगानं बाहेर जावं आणि रुंद टोकाची हवेची पोकळी वाढत जावी, हे त्यामागचं खरं काम. विसाव्या दिवसाच्या सुमाराला पिल्लू त्याच पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं. पोकळी लहान राहिली तर त्याला हवा पुरत नाही आणि ते आतल्या पाण्यात गुदमरतं. पोकळी फार मोठी झाली तर पिल्लू आक्रसतं आणि पापुद्रा चामड्यासारखा चिवट होतो. काही अंड्यांचं कवच जाड असतं, काहींचं जास्त सच्छिद्र. म्हणून ५० टक्के आर्द्रतेत एका कळपाची अंडी बरोबर सुकतात आणि दुसऱ्या कळपाची कमी सुकतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे वजन करणं. १८ दिवसांत अंड्याचं वजन १२ ते १३ टक्क्यांनी घटलं पाहिजे. ११ ते १४ पर्यंत चालतं. घट रोज साधारण सारखी होते, त्यामुळे सातव्या दिवशी सुमारे ५ टक्के आणि चौदाव्या दिवशी सुमारे १० टक्के असा हिशेब पडतो. समजा १२ अंड्यांचं सुरुवातीचं वजन ६६० ग्रॅम आहे. सातव्या दिवशी ते ६२७ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ५९४ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ५७४ च्या आसपास यायला हवं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा यासाठी पुरतो, फक्त सगळी अंडी एकत्र तोला. एकेका अंड्याची रोजची घट अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असते, ती अशा काट्यावर दिसत नाही. मधे वांझ अंडी काढली तर उरलेल्या अंड्यांवर लिहिलेली सुरुवातीची वजनं बेरीज करून नवा हिशेब मांडा. त्यासाठीच ती लिहायची.

घट कमी होत असेल तर पाण्याचं भांडं लहान करा किंवा दोन दिवस काढूनच टाका. दमट हवेत पाणी न घालताही आतली आर्द्रता पुरेशी राहते. घट जास्त होत असेल तर पाणी वाढवा. इथे लक्षात घ्यायचं ते असं की भांड्यातल्या पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, पाण्याचा पृष्ठभाग वाढला पाहिजे. काठोकाठ भरलेल्या पेल्यापेक्षा बोटभर पाण्याची पसरट ताटली जास्त ओलावा देते. पाण्यात स्पंजचा तुकडा उभा ठेवला तर आणखी. ओलावा वाढावा म्हणून हवेची भोकं बुजवण्याची चूक करू नका, वाढत्या गर्भाला प्राणवायू रोज जास्त लागत जातो.

उजेडात तपासणी

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत तपासा. पुठ्ठ्याला अंड्याच्या रुंद टोकापेक्षा लहान भोक पाडा, खालून मोबाइलची टॉर्च लावा आणि भोकावर अंडं टेकवा. जिवंत गर्भ असेल तर मधे एक गडद ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या लाल शिरा दिसतात. काहीच न दिसता सगळं अंडं एकसारखं उजळलं तर ते वांझ. आत फक्त लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीच्या दिवसांतच गेला. गडद तपकिरी कवचाच्या अंड्यांत आतलं नीट दिसत नाही, त्यांना दहाव्या दिवसापर्यंत थांबा. शंका असलेलं अंडं परत ठेवा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. वास येणारं किंवा कवचातून चिकट थेंब गळणारं अंडं मात्र त्याच क्षणी, न हलवता, पिशवीत धरून बाहेर काढा.

चौदाव्या दिवशी बहुतेक अंडं गडद दिसतं आणि आत हालचाल जाणवते. त्या वेळी हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीनं आखून घ्या. वजनाचा हिशेब आणि ही रेघ एकमेकांना दुजोरा देतात. एका वेळी पाच-सहाच अंडी बाहेर काढा.

वीज गेली तर

खुडूक कोंबडीसुद्धा दाण्यापाण्यासाठी रोज थोडा वेळ अंड्यांवरून उठते, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांच्या थंडाव्यानं काही होत नाही. वीज जास्त वेळ जाणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पेटीत अंड्यांपासून थोड्या अंतरावर ठेवा, मशिनवर घोंगडी टाका आणि बाटल्या ठेवण्यापलीकडे झाकण उघडू नका. दोन-तीन तास थंड पडलेली अंडीही बऱ्याचदा वाचतात, पिल्लं मात्र थोडी उशिरा निघतात. दुसऱ्या पंधरवड्यात गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो, म्हणून तेव्हा हवेची भोकं घोंगडीनं बंद होऊ देऊ नका. वीज गेली म्हणून अंडी टाकून देण्याची घाई करू नये. चार दिवसांनी उजेडात धरून बघा आणि मग ठरवा.

शेवटचे तीन दिवस

१८ दिवस भरले की फिरवणं बंद. अंडी आडवी करून जाळीवर ठेवा. जाळी गुळगुळीत असेल तर तिच्यावर खरखरीत रबरी चटई अंथरा. घसरत्या जागेवर नवजात पिल्लांचे पाय फाकतात. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या, भांडी भरा, भोकं उघडी ठेवा आणि झाकण बंद करा. आता ते शेवटचं पिल्लू कोरडं होईपर्यंत उघडायचं नाही. एकदा उघडलं की आतला ओलावा काही क्षणांत निघून जातो, आणि ज्या अंड्याला भोक पडलंय त्याचा पापुद्रा सुकून पिल्लाभोवती आवळला जातो. पाणी कमी वाटलं तर बाहेरच्या नळीतून कोमट पाणी सोडा.

आत काय चाललंय हे कळलं की धीर धरणं सोपं जातं. पिल्लू आधी हवेच्या पोकळीचा पापुद्रा फोडतं आणि फुप्फुसांनी श्वास घेऊ लागतं, तेव्हा अंड्यातून चिवचिव ऐकू येते. काही तासांनी कवचावर पहिली टोच दिसते, एक छोटा तारा किंवा उचललेला खवला. त्यानंतर १२ ते २४ तास बाहेरून काहीच घडत नाही. बघणाऱ्याला वाटतं पिल्लू अडकलं. खरं तर या वेळात पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात ओढलं जातं आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात जातो. हे पुरं झालं की पिल्लू आत फिरत फिरत कवच गोल कापतं आणि टोपी ढकलून बाहेर येतं.

बाहेर आलेलं ओलं पिल्लू दमून पडून राहतं, इतर अंड्यांवरून लोळतं, तेही चालतं. पोटात गेलेल्या बलकावर त्याचे दोन दिवस सहज निघतात. म्हणून पहिल्या पिल्लाला दाणापाणी देण्यासाठी मशिन उघडण्याची गरज नाही.

मदत कधी करावी

शक्यतो करू नये. पहिल्या टोचेनंतर २४ तास उलटूनही काहीच पुढे सरकलं नाही आणि भोकातून दिसणारा पापुद्रा पांढरा, कागदासारखा सुकलेला किंवा पिवळसर चिकट झालेला असेल, तरच विचार करा. बाकीच्या अंड्यांवर टोच पडलेली असताना मशिन उघडलं तर एकासाठी चौघांचा जीव धोक्यात जातो, हेही तोलून बघा. मदत करायचीच तर फक्त हवेच्या पोकळीवरचं, म्हणजे रुंद टोकाचं कवच चिमट्यानं खवल्याखवल्यानं काढा. सुकलेला पापुद्रा कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसानं ओला करा, पिल्लाच्या नाकपुड्यांना पाणी लागू देऊ नका. ओल्या पापुद्र्यात लाल शिरा दिसल्या किंवा रक्ताचा थेंब आला तर तिथेच थांबा आणि अंडं पाच-सहा तासांसाठी परत ठेवा. डोकं मोकळं झालं की बाकीचं पिल्लावर सोडा. ओढून काढलेल्या पिल्लाचा बलक बाहेर राहिलेला असू शकतो आणि मग ते वाचत नाही.

मशिनमधून दाईत

पिल्लं फुलून कोरडी झाली की कृत्रिम दाईत, म्हणजे दिव्यानं ऊब दिलेल्या जागेत, हलवा. दाई आदल्या दिवशीच तापवून ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी आहे, कडेला पळून चोच उघडी ठेवत असतील तर ऊब जास्त आहे. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून पाणी दाखवा, दाणा त्यानंतर. पाण्याचं भांडं उथळ असावं आणि त्यात गोट्या टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका.

इतर पक्ष्यांची अंडी

तापमान जवळपास तेच, दिवस वेगळे. जपानी लाव्याची अंडी १७ ते १८ दिवसांत फुटतात आणि फिरवणं चौदाव्या दिवशी थांबवतात. टर्की आणि साधं बदक २८ दिवस घेतात, फिरवणं २५ व्या दिवसापर्यंत. गिनी कोंबडीचे २६ ते २८ दिवस आणि मस्कोव्ही बदकाचे ३५. वेगवेगळ्या पक्ष्यांची अंडी एकाच मशिनमध्ये एकाच दिवशी ठेवली तर एकाला शेवटचा ओलावा हवा असतो तेव्हा दुसऱ्याला सुकायचं असतं. अशी भेसळ टाळा, नाहीतर शेवटच्या तीन दिवसांसाठी दुसरी पेटी तयार ठेवा.

न फुटलेली अंडी उघडून बघा

बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी राहिलेली अंडी तशीच फेकू नका. उजेडात धरून आणि कान लावून ती मेली असल्याची खात्री करा, मग मोकळ्या हवेत रुंद टोकाकडून फोडा. आत दिसतं ते पुढच्या खेपेला फार उपयोगी पडतं.

बहुतेक अंडी स्वच्छ, वांझ निघाली तर मशिनचा दोष नाही, कोंबडा कमी पडतोय, म्हातारा झालाय किंवा अंडी फार दिवस साठवली होती. पहिल्या आठवड्यातले मेलेले गर्भ बरेच असतील तर साठवण, प्रवासातले हादरे किंवा सुरुवातीला चढलेली ऊब तपासा. पूर्ण वाढलेलं पिल्लू, अंगाभोवती पाणी आणि हवेची पोकळी लहान, असं दिसलं तर ओलावा जास्त झाला. पूर्ण वाढलेलं पिल्लू कोरड्या, घट्ट पापुद्र्यात आवळलेलं असेल तर ओलावा कमी पडला किंवा शेवटी मशिन उघडलं गेलं. डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडं उलटं ठेवलं होतं किंवा फिरवण्यात कसर राहिली. जी निघाली ती सगळीच पिल्लं एक दिवस आधी आली असतील तर तापमान जास्त होतं, उशिरा आली असतील तर कमी. पुढच्या खेपेला एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशानं पडला हे कळतं.

पिसांचा भुगा आणि टरफलं वाळण्याआधी मशिन रिकामं करा. जाळी, चटई आणि भांडी साबणाच्या गरम पाण्यानं घासा, मग ब्लीच पातळ करून पुसा, कारण घाणीवर नुसतं ब्लीच फिरवून जंतू मरत नाहीत. पंख्याच्या पात्यांवर बसलेला भुगा सुक्या ब्रशनं झाडा. सेन्सरवर पाणी जाऊ देऊ नका आणि झाकण उघडं ठेवून पेटी पूर्ण वाळल्यावरच बंद करा.